चाकाची खुर्ची, तिची घडी आणि आपली पायरी

आमच्या मोहल्ल्यातल्या शादीखान्याला तीन पायऱ्या आहेत. सहा सहा इंचांच्या. लहानपणापासून मी त्या चढत-उतरत आलो. पण त्या तीन आहेत हे मला दोन वर्षांपूर्वी एका लग्नात कळले. माझी मोठी बहीण, आमची आपा, त्या दिवशी आपल्या नव्या घडीच्या इलेक्ट्रिक खुर्चीतून घरापासून शादीखान्यापर्यंत एकटी आली. मी मागून चालत होतो, पण तिने मला खुर्चीला हात लावू दिला नव्हता. पानपट्टीपाशी ती थांबली, ओळखीच्या बाईशी बोलली, गटारावरची मोडकी फरशी चुकवून वळली आणि शादीखान्याच्या दारात आली. तिथे तीन पायऱ्या होत्या. चार पोरे धावत आली. "खाला, तुम बैठो, हम उठाते," म्हणाली आणि आपाला खुर्चीसकट उचलून आत घेऊन गेली. पोरांच्या मनात आदरच होता. बिर्याणीचे पहिले ताटही तिलाच मिळाले.

रात्री घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "घरापासून पायरीपर्यंत मी गेले. पायरीपासून आत मला नेले."

'जाणे' आणि 'नेले जाणे' यांतले हे अंतर किती मोठे आहे, हे मला तोवर उमगले नव्हते. आपाला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. तेव्हापासून आम्ही तिला नेत आलो. अब्बांनी खांद्यावरून नेले, भावांनी पाठुंगळी मारून नेले, पुढे कुबड्या आल्या, मग ढकलायची खुर्ची आली. घरात प्रेमाला तोटा नव्हता. पण तिला कुठे जायचे आहे, हे सहसा कोणी विचारले नाही. आम्हाला जिथे जायचे असे, तिथे आम्ही तिला नेत होतो. आपल्या घरांतली म्हातारी माणसे दुआ मागतात, "अल्लाह किसी का मोहताज न करे." ही दुआ आपण रोज ऐकतो आणि तिचा अर्थ मरणाशी, आजारपणाशी जोडतो. मला आता वाटते, चाकाच्या खुर्चीचा सगळा इतिहास हा या एका शब्दाचा, मोहताजीचा, इतिहास आहे. ती थोडी थोडी कशी कमी होत गेली, कोणी कमी केली आणि कुठे येऊन अडली, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

राजाची खुर्ची आणि घड्याळजीची खुर्ची

युरोपच्या इतिहासात या खुर्चीची दोन जुनी रूपे सापडतात. दोन्ही एकमेकांच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिली खुर्ची स्पेनचा राजा दुसरा फिलिप याची. उतारवयात संधिवाताने तो जागेवर खिळला होता. १५९५ च्या एका रेखाचित्रात त्याची खुर्ची दिसते. पायांना चाके आहेत, पाठ मागे कलते, पाय ठेवायला फळी आहे. त्या काळच्या मानाने ती आरामाची परिसीमा होती. पण तिची चाके लहान होती, त्यांना बसणाऱ्याचा हात पोचत नव्हता. ज्याचे राज्य अमेरिकेपासून फिलिपाइन्सपर्यंत पसरले होते, त्याला आपल्याच महालात एका दालनातून दुसऱ्या दालनात जायला नोकराला हाक मारावी लागत होती.

दुसरी खुर्ची जर्मनीतल्या न्यूरेंबर्गजवळच्या श्टेफान फार्फ्लर नावाच्या घड्याळजीची. त्याचे पाय अधू होते. १६५५ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याने स्वतःसाठी तीन चाकांची गाडी बनवली. हाताने दांडा फिरवला की दातेरी चाके फिरत आणि पुढचे चाक चालू लागे. घड्याळातले तंत्र त्याने गाडीत आणले. आपल्याकडे रस्त्यात दिसणारी हाताने फिरवायची तीनचाकी सायकल याच कुळातली.

राजाकडे नोकर होते, म्हणून त्याला स्वतः चालणाऱ्या खुर्चीची गरज भासली नाही. घड्याळजीकडे नोकर नव्हता. पुढच्या साडेतीनशे वर्षांत जी जी खरी सुधारणा झाली, ती बहुतेक वेळा घड्याळजीच्या वाटेने झाली. म्हणजे ज्याला खुर्चीत बसावे लागत होते, त्यानेच ती केली किंवा करायला लावली.

अठराव्या शतकात, १७५० च्या सुमारास, इंग्लंडमधल्या बाथ या गावी जेम्स हीथने एक खुर्ची काढली. तिथल्या औषधी पाण्याच्या झऱ्यांवर येणाऱ्या रुग्णांसाठी ती होती. पुढे ती 'बाथ चेअर' म्हणून शंभर-दीडशे वर्षे चालली. तिला दिशा देण्याची दांडी बसणाऱ्याच्या हातात असे, पण ढकलणारा मागे लागेच. मोहताजी अर्धी कमी झाली म्हणायची.

घडी पडली ती १९३३ साली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची खुर्ची लाकडाची आणि वेताची होती. ती रुंद होती, बोजड होती आणि तिची घडी होत नव्हती. घरात ती मावे, पण घराबाहेर नेणे अवघड होते. मोटारगाडी आल्यावर तर ही अडचण जास्तच जाणवू लागली. माणूस गाडीत बसू शकत होता, पण त्याची खुर्ची मागे राहत होती. मुक्कामी पोचल्यावर तो पुन्हा जागेवर खिळलेलाच.

अमेरिकेतले हर्बर्ट एव्हरेस्ट हे खाण अभियंता. १९१८ साली खाणीतल्या अपघातात त्यांची पाठ मोडली. त्यांना काम करायचे होते, गाडीतून फिरायचे होते. हॅरी जेनिंग्ज हे त्यांचे यंत्र अभियंता मित्र. दोघांनी लॉस एंजेलिसमध्ये मिळून पोलादी नळ्यांची एक खुर्ची बनवली. बैठकीखाली दोन दांडे कात्रीसारखे एकमेकांना छेदून जोडलेले, बैठक आणि पाठ कापडाची. बैठकीचे कापड मधोमध धरून वर उचलले की दोन्ही बाजूंची चाके जवळ येत आणि खुर्ची गाडीत, सीटच्या मागे उभी राही. वजन सुमारे २३ किलो. साल १९३३.

योगायोग असा की, त्याच वर्षी फ्रँकलिन रूझवेल्ट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. १९२१ साली, ३९ व्या वर्षी, त्यांचे पाय गेले होते. घरात वापरण्यासाठी त्यांनी हात नसलेल्या साध्या खुर्चीला चाके लावून घेतली होती. ती अरुंद होती आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरत नव्हती. खुर्चीतले त्यांचे फोटो फार थोडे आहेत, कारण ते काढूच दिले जात नव्हते. देशाचा सर्वोच्च माणूस खुर्ची लपवत होता आणि त्याच वेळी एक अभियंता आपली खुर्ची गाडीत टाकून उघडपणे बाहेर पडत होता.

एव्हरेस्ट-जेनिंग्ज यांची कात्रीची घडी आजही जगभरातल्या दवाखान्यांत दिसते. आपल्या सरकारी रुग्णालयाच्या दारात जी गंजलेली खुर्ची असते, तिच्या बैठकीखाली वाकून पाहा. तीच कात्री दिसेल. मात्र या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. ही कंपनी इतकी मोठी झाली की बाजार तिच्या मुठीत गेला, आणि १९७७ साली अमेरिकी सरकारला तिच्यावर मक्तेदारीचा खटला भरावा लागला. बंद बाजारात खुर्ची चाळीस-पंचेचाळीस वर्षे फारशी बदलली नाही. ती बदलली पुन्हा एका खुर्चीत बसणाऱ्या व्यक्तीमुळेच. १९७८ साली मॅरिलिन हॅमिल्टन ही तरुणी ग्लायडरने उडत असताना पडली आणि तिचे पाय गेले. मिळालेली जड खुर्ची तिला पसंत पडेना. ग्लायडर बनवणाऱ्या दोन मित्रांना ती म्हणाली, ग्लायडरच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांची खुर्ची करा. ती झाली सुमारे १२ किलोची, म्हणजे एव्हरेस्ट-जेनिंग्ज यांच्या पहिल्या खुर्चीच्या जवळजवळ निम्म्या वजनाची.

मोटार आली, पण घडी गेली

हाताने चाक फिरवायला हात तरी धड हवेत. ज्यांची मान मोडली आहे, ज्यांचे हातही गेले आहेत, त्यांचे काय? हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर तीव्र झाला. त्याआधी पाठीचा कणा मोडलेला माणूस बहुधा जंतुसंसर्गाने काही महिन्यांत दगावत असे. सल्फा औषधे आणि पेनिसिलिन आले आणि असे जखमी सैनिक जगू लागले. जगल्यावर त्यांना फिरायचे होते.

कॅनडाचा एक अधिकारी जॉन काउन्सेल १९४२ च्या दिएपच्या लढाईत जायबंदी झाला होता. त्याने आपल्यासारख्यांची संघटना उभी केली आणि चांगल्या खुर्च्यांसाठी सरकारचा पिच्छा पुरवला. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत जॉर्ज क्लाइन नावाचे अभियंता होते. त्यांनी केवळ कारखान्यात बसून आराखडा काढला नाही. ज्यांना खुर्ची वापरायची होती, त्या सैनिकांबरोबर आणि डॉक्टरांबरोबर काम करून खुर्ची घडवली. मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटारी आणि हाताशी एक छोटी दांडी, जिला आज आपण जॉयस्टिक म्हणतो. दांडी पुढे कलली की दोन्ही चाके सारखी फिरतात. उजवीकडे कलली की डावे चाक जोराने फिरते आणि खुर्ची उजवीकडे वळते. ज्याला बोटे हलवता येत नाहीत, त्याला मनगटाने, हनुवटीनेही ती चालवता यावी, हा त्यामागचा विचार. १९५५ साली अशी एक खुर्ची कॅनडाने अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याला भेट दिली. पुढच्याच वर्षी एव्हरेस्ट-जेनिंग्ज कंपनीने विजेवर चालणारी खुर्ची मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतली.

मागच्या माणसाची गरज इथे संपली. पण त्या बदल्यात एक गोष्ट गमवावी लागली. त्या काळच्या शिशाच्या बॅटऱ्या ट्रकच्या बॅटरीइतक्या जड. खुर्ची शंभर किलोच्या आसपास जाई. तिची घडी होत नसे, ती टॅक्सीत मावत नसे, दोन माणसांना उचलतही नसे. म्हणजे निवड अशी होती: घडीची खुर्ची घेतली तर ढकलणारा हवा, आणि मोटारीची घेतली तर तुमचे जग चाक जाईल तेवढेच.

म्हणूनच या पिढीने खुर्चीबरोबर रस्त्याकडेही लक्ष दिले. अमेरिकेत एड रॉबर्ट्स या तरुणाला चौदाव्या वर्षी पोलिओ झाला होता आणि मानेखाली फारसे काही हलत नव्हते. तो १९६२ साली बर्कली विद्यापीठात शिकायला गेला. वसतिगृहात त्याच्यासाठी सोय नव्हती, म्हणून विद्यापीठाच्या इस्पितळातल्या खोलीत राहिला. मागोमाग त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले. विजेच्या खुर्च्यांमुळे ते गावात हिंडू लागले आणि तेव्हा कळले की प्रत्येक चौकात फूटपाथची कड आडवी येते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बर्कली नगरपालिकेने फूटपाथच्या कडा उतरत्या करण्याचे काम हाती घेतले. आज त्याच उतारावरून बाबागाडी जाते, हातगाडी जाते, म्हातारा माणूस काठी टेकत जातो. एकाच्या हक्कासाठी केलेली वाट दहाजणांच्या सोयीची झाली. १९९० मध्ये अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यासाठी त्या वर्षी १२ मार्चला अनेकांनी आपल्या खुर्च्या आणि कुबड्या खाली सोडल्या आणि संसदेच्या इमारतीच्या पायऱ्या ते हातांवर सरपटत चढले. पायरी म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कोणी दाखवले नसेल.

घडी आणि मोटार एकत्र

ही कोंडी फोडली ती एका वेगळ्याच शोधाने. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, ती कॅमेऱ्यासाठी आणि तत्सम उपकरणांसाठी. पुढे ती मोबाइलमध्ये, संगणकात आली. ज्या तिघा शास्त्रज्ञांनी तिचा पाया घातला, त्यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. शिशाच्या बॅटरीच्या तुलनेत तिचे वजन कितीतरी कमी. सोबत ॲल्युमिनियमचा, पुढे कार्बन धाग्यांचा सांगाडा आला, आणि चाकाच्या तुंब्यातच बसणाऱ्या छोट्या मोटारी आल्या. १९३३ ची घडी आणि क्लाइन यांची जॉयस्टिक यांचा निकाह लागायला असा विसाव्या शतकाचा शेवट उलटावा लागला.

आज आपल्याकडे मिळणारी अशी खुर्ची साधारण पंधरा ते तीस किलोंची असते. वेग ताशी सहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. जॉयस्टिक सोडली की खुर्ची आपोआप थांबते, कारण ब्रेक विजेने सुटतो आणि वीज बंद होताच लागतो. बॅटरी संपली तर मोटार सोडवण्याची कळ असते, ती फिरवली की खुर्ची ढकलता येते. विमानप्रवासाचा नियमही घेणाऱ्याने लक्षात ठेवावा. घडीच्या खुर्चीची लिथियम बॅटरी काढता येत असेल, तर ती काढून प्रवाशाने आपल्याबरोबर केबिनमध्ये न्यायची असते. एक बॅटरी असेल तर ती ३०० वॉट-तासांपर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. हिशेब सोपा आहे: व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणायचे. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे २४० वॉट-तास. खुर्ची घेण्याआधी हा गुणाकार करावा आणि विमान कंपनीला आधी कळवावे.

ही खुर्ची म्हणजे जादू नव्हे. पुढची चाके लहान असतात, ती खड्ड्यात आणि गटाराच्या जाळीत अडकतात. पावसाचे पाणी जॉयस्टिकमध्ये शिरले तर खुर्ची रुसते. कंपनी सांगते तेवढे किलोमीटर आपल्या रस्त्यांवर भरत नाहीत. ज्यांना पाठीला, मानेला खास आधार लागतो, त्यांना घडीच्या खुर्चीची कापडी बैठक चालत नाही. दिवसभर एकाच जागी बसून त्वचेला जखमा होतात, म्हणून चांगली गादी आणि अधूनमधून अंग उचलणे आवश्यक असते. खुर्ची निवडताना शेजाऱ्याचा सल्ला घेण्याऐवजी जाणत्या थेरपिस्टचा घ्यावा. आणि किंमत? ती अजून कित्येक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. मद्रास आयआयटीतून पुढे आलेल्या एका उद्योगाने २०२१ मध्ये हाताच्या खुर्चीला पुढून जोडायची विजेची गाडी आणली. असे देशी प्रयत्न वाढले तर भाव खाली येतील.

आपल्याकडची दोन नावे

आता आपल्या घरात येऊ. कानपूरला १९७२ साली सरकारने कृत्रिम अवयव बनवणारे महामंडळ स्थापन केले. त्याच्या तीनचाकी सायकली खेड्यापाड्यांत पोचल्या. कित्येकांची रोजीरोटी त्या सायकलीवर चालली. पण ती सायकल घरात शिरत नाही, कचेरीत शिरत नाही. ती दाराबाहेर उभी राहते आणि माणूस फरशीवरून सरकत आत जातो.

मराठी वाचकाला 'चाकाची खुर्ची' हे शब्द ऐकले की कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक आठवल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांच्या आत्मकथनाचे तेच नाव. सोळा-सतराव्या वर्षी खेळत्या-बागडत्या मुलीचे कमरेखालचे अंग लुळे पडले. निराशेने घेरले असता बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वतः चाकाच्या खुर्चीत होते आणि तरी ताठ मानेने जगत होते. डॉक्टरांच्या समजुतीपेक्षा त्या एका भेटीने जास्त काम केले. नसीमादीदी शिकल्या, केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड' ही संस्था उभी केली. वसतिगृह, शाळा, कार्यशाळा झाल्या. सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचे काम झाले. मुसलमान घरातली, मराठीत लिहिणारी, खुर्चीत बसणारी एक बाई शेकडो अपंग मुलांची दीदी होते, हा आपल्या महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा भाग आहे. आपल्या साहित्य संमेलनांत तो जेवढा सांगायला हवा तेवढा सांगितला जात नाही.

दुसरे नाव जावेद आबिदी. १९६५ साली अलीगढला जन्म. जन्मतःच कण्याचा दोष होता, पंधराव्या वर्षापासून चाकाची खुर्ची. अमेरिकेत पत्रकारिता शिकले, तिथले रस्ते आणि वर्ग पाहिले आणि देशात परतले. १९९५ च्या डिसेंबरात अपंगांच्या हक्कांचे विधेयक संसदेत रेंगाळत होते. आबिदी आणि त्यांचे साथी दिल्लीच्या रस्त्यावर उतरले, आणि थोड्याच दिवसांत, २२ डिसेंबरला, ते मंजूर झाले. त्या कायद्यात रस्ते, वाहने, इमारती यांचा उल्लेख होता; पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असे शेपूटही होते. त्या शेपटाला धरून पुढची वीस वर्षे कित्येक कचेऱ्यांनी एक उतारही बांधला नाही.

आबिदी मग सर्वोच्च न्यायालयात गेले. विमानात चढताना खुर्चीतल्या माणसाला हमालासारखे उचलून नेतात, हे त्यांनी न्यायालयापुढे मांडले. १९९८ च्या निकालाने विमानातल्या अरुंद वाटेत चालणारी खुर्ची आणि माणसाला खुर्चीसकट वर नेणारे वाहन यांचा विषय देशात प्रथमच गांभीर्याने ऐरणीवर आला. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेनंतर ते दिल्लीला गेले. तिथे त्यांना कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा पाहायचा होता. त्यांच्यासाठी रातोरात लाकडी उतार बसले. पाहुणा मोठा असला की उतार होतो. मग आपल्या माणसासाठी का होत नाही? आबिदींनी हा मुद्दा लावून धरला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा चाकाच्या खुर्चीवर ५ टक्के कर बसला. दुसऱ्याला चालण्यावर कर नाही, मग आम्हालाच का, असे अपंगांच्या संघटनांनी विचारले. ४ मार्च २०१८ रोजी आबिदी गेले.

त्याआधी २०१६ चा नवा कायदा आला होता. त्याने अपंगत्वाचे सात प्रकार वाढवून एकवीस केले आणि जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करण्याची मुदत घातली. ती २०२२ साली संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगमतेचे नियम केवळ शिफारशी म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. म्हणजे कायद्याच्या कागदावरची पायरी आता बरीच झिजली आहे. दगडाची तशीच आहे.

अठरा फूट

आपाच्या खुर्चीचे पैसे माझ्या भाच्याने दुबईहून पाठवले. अनेक वर्षे कुबड्या टेकून आणि चाके फिरवून तिचे दोन्ही खांदे निकामी झाले होते. पहिल्या आठवड्यात ती काय करते याकडे मी लक्ष ठेवून होतो. तिने मोठे काही केले नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः चहापूड आणली. बांगडीवाल्याकडे तासभर बसली आणि काही न घेता परत आली. "कोई खडे नहीं था ना पीछे," ती म्हणाली. मागे कोणी ताटकळत उभे नसेल तर माणूस वेळ घालवू शकतो, हे सुख तिला पासष्टी उलटल्यावर मिळाले.

त्या लग्नानंतर मी शादीखान्याच्या कमिटीकडे गेलो. माणसे चांगली, माझीच. त्यांनी लगेच मान्य केले आणि महिन्याभरात उतार बांधला. पाहायला गेलो तर तो पाच फुटांचा. आपाची खुर्ची त्यावर चढताना मागे उलटली असती. उताराचा साधा नियम एकास बारा आहे. एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे अठरा इंच. म्हणजे उतार हवा अठरा फुटांचा, दोन्ही बाजूंना कठडा आणि वर वळायला सपाट जागा. पाच फुटांचा उतार ही घसरगुंडी झाली. कमिटीचे सदर म्हणाले, "भाईजान, एवढी जागा कुठून आणू?" आम्ही दोघे टेप घेऊन बाहेर आलो. भिंतीलगत मोटारसायकली लावायची जागा मोजली. ती बावीस फूट भरली.

ही गोष्ट एका शादीखान्याची नाही. आपल्या शाळा, दवाखाने, वाचनालये, मशिदी बहुधा वर्गणीतून उभ्या राहतात. त्यांना 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असे म्हणून सरकारकडे बोट दाखवता येत नाही, कारण तिथले सरकार आपणच. मक्केत सफा-मरवाच्या वाटेवर चाकाच्या खुर्च्यांसाठी मध्ये वेगळी मार्गिका आहे. हजहून परतलेल्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते. परत आल्यावर आपल्या मोहल्ल्यातली पायरी मात्र त्याला दिसत नाही. पोलिओ आपल्या देशातून गेला. २०११ च्या जानेवारीनंतर पोलिओच्या मूळ नैसर्गिक विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही. पण म्हातारपण गेलेले नाही, मधुमेहाने पाय जाणे थांबलेले नाही, मोटारसायकलींचे अपघात वाढतच आहेत. आज जो पोरगा खुर्ची उचलायला धावतो, तोही उद्या खुर्चीत असू शकतो.

चार शतकांत खुर्चीने आपल्या बाजूने सगळे केले. राजाच्या महालातून ती घड्याळजीच्या हातात आली, लाकडाची ॲल्युमिनियमची झाली, कात्रीसारखी मिटली, शंभर किलोंवरून वीस किलोंवर उतरली, बोटाच्या इशाऱ्यावर चालू लागली. याहून जास्त ती काय बदलणार? आता वळायची पाळी दगडाची आहे, आणि दगड आपण बसवलेले आहेत.

मोटारसायकली कुठे लावायच्या, यावर कमिटीत अजून चर्चा चालू आहे. दर बैठकीला मी टेप खिशात घेऊन जातो. गेल्या वेळी आपाही आली होती. बैठक वरच्या हॉलमध्ये होती, म्हणून ती पायऱ्यांखाली थांबली. तासाभराने कमिटीच खाली आली आणि उरलेली बैठक अंगणात झाली. त्या दिवशी प्रथमच अठरा फुटांचा आकडा बैठकीच्या वहीत लिहिला गेला.